खरेदीआधी एक बेल

बीडहून निघालेली एसटी पालीवरून घाट चढते आणि मांजरसुंब्याला येऊन थांबते. इथे रस्ते फुटतात. सरळ गेलं की चौसाळ्यावरून सोलापूर, उजवीकडे पाटोदा-जामखेडवरून अहिल्यानगर, डावीकडे नेकनूर-केजवरून अंबाजोगाई. चारी दिशांची माणसं इथे उतरतात, चहा घेतात, इथली रबडी खातात आणि पुढची गाडी धरतात. गाडी काही फार वेळ थांबत नाही. तेवढ्यात खिडकीखाली सीताफळांची पाटी येते, मोबाईलचे चार्जर येतात, लेकरांची खेळणी येतात. भाव विचारेपर्यंत वाहकाचा हात घंटीच्या दोरीकडे जातो आणि आपण घाईघाईनं नोट पुढे करतो. नेकनूर आल्यावर पिशवी उघडली की कळतं, वरची चार फळं टपोरी होती, खालची दगडासारखी कच्ची.

सीताफळाचे पन्नास-शंभर रुपये माणूस विसरून जातो. पण याच पद्धतीनं आपण आता पंधरा हजारांचा फोन घेतो, हप्त्यावर गाडी घेतो, रात्री अकराला अंथरुणात पडल्या पडल्या मिक्सर मागवतो. घाई तीच, फक्त रक्कम वाढली.

माझ्याच बाबतीत हे घडलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी याच थांब्यावर अंबाजोगाईच्या गाडीची वाट पाहत होते. हातात फोन होता. एका खरेदीच्या ॲपवर ज्यूसर-मिक्सर दिसला. खोडलेली किंमत ८,९९९, सवलतीची किंमत ३,४९९. खाली लाल अक्षरांत ‘फक्त २ शिल्लक’ आणि शेजारी उलटं पळणारं घड्याळ, ११ मिनिटं. तेवढ्यात गाडी आली. चढता चढता मी बटण दाबलं. साडेपाच हजार वाचवल्याचा आनंद केजपर्यंत टिकला. मग आठवलं, घरचा मिक्सर चांगला चालतो आहे. खोकं आलं तेव्हा घरी काय सांगावं हे सुचेना, म्हणून ते न उघडता कपाटामागे ठेवलं. परत करायची मुदत सात दिवसांची होती. मी नवव्या दिवशी पाहिलं. त्याच दिवशी त्याच ॲपवर तोच मिक्सर त्याच किमतीला होता आणि घड्याळ पुन्हा पळत होतं.

त्या खोक्यानं मला जे शिकवलं ते या लेखात सांगते आहे. एसटीत एक बेल म्हणजे थांबा आणि दोन बेल म्हणजे चला. खरेदीत आपल्याला सगळे दोन बेल देत असतात. एक बेल आपली आपणच द्यावी लागते.

घाई हाच माल

‘आजच’, ‘शेवटचे दोन’, ‘इतक्या जणांनी आत्ताच घेतलं’ ही वाक्यं वस्तूबद्दल काहीच सांगत नाहीत. ती फक्त विचार करायला मिळणारा वेळ कापतात. खोटी निकड दाखवून विकणं हा आता नियमानं गैरप्रकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीचे १३ प्रकार अधिसूचित केले, त्यात खोटी निकड पहिली आहे. न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू किंवा विमा घालणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला शरम वाटेल अशी भाषा वापरणं, किंमत थोडी थोडी करून शेवटच्या पानावर वाढवणं, वर्गणी सुरू करणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं, हेही त्याच यादीत आहेत. ही यादी माहीत असली की पळणारं घड्याळ वेगळं दिसू लागतं. ते आपल्या सोयीसाठी लावलेलं नसतं.

आपलं मनही या घाईला साथ देतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ब्रायन नटसन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये खरेदी करणाऱ्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. आवडती वस्तू दिसली की मेंदूतला सुखाची अपेक्षा करणारा भाग जागा होतो आणि किंमत जास्त वाटली की बोच जाणवणारा दुसरा भाग जागा होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे पैसे जाण्याची बोच हा आपला नैसर्गिक लगाम आहे. फोनवरून एका बोटानं पैसे दिले की ही बोच बोथट होते. अमेरिकेत ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बास्केटबॉलच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. रोख देणाऱ्यांपेक्षा कार्डावर देणाऱ्यांनी सुमारे दुप्पट बोली लावली. तिकिटं तीच होती. फरक एवढाच, की एका गटाच्या हातून नोटा सुटणार होत्या.

म्हणून स्वतःला ‘मी उधळी आहे’ म्हणून बोल लावू नका. ही चूक चांगल्या संसारी माणसाच्याही हातून होते. उपाय स्वभाव बदलण्यात नाही, खरेदीची रीत बदलण्यात आहे.

किंमत टनात वाचा

आपल्या बीड जिल्ह्यातली किती तरी कुटुंबं दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर आला. एक जोडी दिवसभरात दीड-दोन टन तोडते.

आता पंधरा हजारांचा फोन समोर ठेवा आणि ३६६ नं भागा. ४१ टन होतात. म्हणजे दोघांनी पहाटेच्या थंडीत फडात उतरून तीन-चार आठवडे केलेलं काम. हा हिशेब कळल्यावरही फोन घ्यावासा वाटला, तर तो खुशाल घ्या. शाळा-कॉलेजातल्या लेकराला त्याची खरंच गरज असू शकते. पण ‘पंधरा हजार’ हा आकडा ऐकून मन हलत नाही आणि ‘एकेचाळीस टन’ ऐकून हलतं.

ज्याचं त्याचं माप वेगळं असेल. सोयाबीन पिकवणाऱ्यानं क्विंटलमध्ये मोजावं. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, म्हणजे साधारण पाच हजारांची वस्तू म्हणजे एक क्विंटल, तोही बाजारात हमीभाव मिळाला तर. नोकरदारानं महिन्याचा पगार कामाच्या दिवसांनी भागावा. दुकानदारानं एका दिवसाची निव्वळ कमाई पाहावी, गल्ला पाहू नये. घरातल्या प्रत्येकाचं एक माप ठरवा आणि ते मोठ्यानं बोला: ‘हे माझे सहा दिवस आहेत.’

सवलतीचं गणितही याच मापानं करा. माझ्या मिक्सरमुळे साडेपाच हजार वाचले नव्हते. ३,४९९ गेले होते. न लागणारी वस्तू अर्ध्या किमतीत घेतली, तरी खर्च पूर्णच होतो.

बैल घेताना जे करता तेच करा

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा माणूस कधी घाईत पाहिलाय? तो आधी लांबून पाहतो. मग तोंड उघडून दात पाहतो, दुदाती आहे, चौदाती आहे की जुळला आहे. चार पावलं चालवतो, खुरं आणि खांदा तपासतो, मारका आहे का, बसका आहे का, काही खोड आहे का ते विचारतो. सोबत एक जाणता माणूस नेतो. भाव पटला नाही तर कासरा सोडून निघून जातो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. हे शहाणपण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. दुकानात आणि फोनवर मात्र आपण ते घरी विसरून जातो.

त्याच क्रमानं कुठलीही मोठी खरेदी करा.

दात पाहणं म्हणजे वस्तूचं वय पाहणं. मॉडेल कोणत्या वर्षाचं, हमी किती वर्षांची, दुरुस्ती केंद्र बीडला आहे की थेट संभाजीनगरला.

चालवून पाहणं म्हणजे चित्रावर न भुलणं. शेजारी, नातेवाईक, कुणाकडे ती वस्तू असेल तर अर्धा तास वापरून पाहा. ॲपवर पाच ताऱ्यांचे अभिप्राय वाचण्याआधी एक आणि दोन ताऱ्यांचे वाचा.

खोड विचारणं म्हणजे पुढचा खर्च विचारणं. प्रिंटर स्वस्त असतो, शाई महाग असते. पाणी शुद्ध करायचं यंत्र एकदाच घेतलं जातं, त्याचे फिल्टर दरवर्षी बदलावे लागतात.

जाणता माणूस म्हणजे घरातलं किंवा मित्रांतलं एक असं माणूस, जे ‘कशाला?’ असं तोंडावर विचारू शकतं. ठरावीक रकमेच्या वरची वस्तू त्याला विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं स्वतःलाच बांधून घ्या.

आणि कासरा सोडणं. ‘विचार करून सांगतो’ हे वाक्य म्हणायला शिका. दुकानदारानं चहा पाजला, दहा साड्या उलगडून दाखवल्या, म्हणून घेणं भाग नाही. तो त्याच्या धंद्याचा भाग आहे.

थांबायचे तीन नियम

पाचशे रुपयांच्या आतली, यादीत नसलेली वस्तू: दुकानातून एकदा बाहेर पडून पाच मिनिटं चाला. पाचशे ते पाच हजार: एक रात्र जाऊ द्या. रात्री दहानंतर काहीही मागवू नका. दमलेलं मन लवकर हो म्हणतं. पाच हजारांच्या वर: एक आठवडा थांबा, आणि तोवर ती वस्तू कागदावर तारखेसह लिहून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आठ दिवसांनी बऱ्याच वस्तूंची ओढ आपोआप ओसरलेली असते. जी तेव्हाही हवी असते, ती बहुधा खरीच हवी असते. तुमच्या मिळकतीप्रमाणे रकमा बदला, नियम मात्र बदलू नका.

याच्या जोडीला फोनची साफसफाई करा. खरेदीच्या ॲपची सूचना बंद करा. कार्ड ॲपला जोडून ठेवलेलं असेल तर काढून टाका. सोळा आकडे हातानं भरताना मिळणारं एक मिनिट फार मोलाचं असतं. मोठ्या खरेदीसाठी शक्य असेल तिथे पैसे बँकेतून काढून नोटा मोजून द्या.

बाजाराला निघताना यादी घरी बसून करा. यादीत किती ताकद आहे याचा महाराष्ट्रातला जुना दाखला म्हणजे मुंबई ग्राहक पंचायत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे सभासद शेजारीपाजारी गट करून महिन्याच्या सामानाची मागणी आधीच नोंदवतात आणि माल एकत्र येतो, वाटून घेतला जातो. निर्णय घरात, डबे पाहून होतो. रॅकसमोर उभं राहून होत नाही. आपल्याकडच्या बचत गटांना हे सहज जमण्यासारखं आहे. दिवाळीचं तेल, साखर, डाळ दहा जणींनी मिळून आणली तर भावही पडतो आणि नको ते गळ्यात पडत नाही.

हप्ता गोड का वाटतो

कारखान्याचा पट्टा पडला, माणसं गावी परतली, हिशेब हाती आला, की दुकानांबाहेर फलक लागतात: शून्य टक्के व्याज, फक्त आधार कार्डावर. कापसाचे पैसे येतात त्याच सुमारास कार्तिक पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. लग्नसराई, पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा. साडेतीन मुहूर्तांपैकी प्रत्येकाला कुठली तरी योजना असतेच. मुहूर्त श्रद्धेचा आहे, योजना विकणाऱ्याची आहे. दोन्ही वेगळं ठेवा.

‘शून्य टक्के’बद्दल रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य व्याज अशी गोष्टच नसते; व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा वस्तूच्या किमतीत लपवलेलं असतं. म्हणून दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ‘पूर्ण रोख दिले तर किती कमी होतील?’ जेवढे कमी होतील, तेवढं व्याज.

दुसरी गोष्ट सरसकट व्याजाची. समजा गाडीसाठी ८०,००० रुपये दोन वर्षांसाठी घेतले आणि ‘बारा टक्के’ सांगितले. सरसकट पद्धतीत पूर्ण रकमेवर दोन वर्षांचं व्याज, १९,२०० रुपये, आधीच धरलं जातं. हप्ता होतो ४,१३३ रुपये. पण मुद्दल तर तुम्ही दरमहा फेडत असता. खरा दर काढला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून सही करण्याआधी कर्जाचं मुख्य तथ्यांचं पत्रक मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना अशा कर्जांसाठी ते द्यावंच लागतं, आणि त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा एकूण दर लिहिलेला असतो.

ज्या पैशाची पुढच्या वर्षीची खात्री नाही, त्यावर हप्ता बांधू नका. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल ही मिळकत नाही, ते पुढच्या हंगामाचं कर्ज आहे. उचलीतून फोन घेणं म्हणजे न तोडलेला ऊस विकणं. ‘लाडकी बहीण’ योजनेचे १,५०० रुपये खात्यात येतात म्हणून दीड हजाराचा हप्ता लावून घेणंही धोक्याचं आहे. योजनेचे नियम बदलू शकतात, हप्ता थांबत नाही.

घेऊन पस्तावा झाला तर

इथेच माझी खरी चूक झाली होती, आणि ती मिक्सर घेण्याची नव्हती. ती खोकं लपवण्याची होती. पस्तावा झाला की आपण वस्तू डोळ्यांआड करतो, घरी सांगत नाही, आणि परत करायची मुदत तेवढ्यात उलटून जाते. म्हणून ज्या दिवशी वस्तू आली त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगा आणि पुढची कामं लगेच करा.

पहिलं, परत घेण्याची अट आणि शेवटची तारीख वाचा. आपल्या कायद्यात ‘मन बदललं’ एवढ्याच कारणावर प्रत्येक वस्तू परत करण्याचा सरसकट हक्क नाही. ती सोय विक्रेता देईल तशी असते. म्हणून हे खरेदीच्या आधी वाचलं तर आणखी बरं. वेष्टन, लेबल, पावती जपून ठेवा. खोकं उघडताना फोनवर चित्रफीत काढा.

दुसरं, वस्तू सदोष, बनावट, जाहिरातीपेक्षा वेगळी किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आलेली असेल, तर गोष्ट वेगळी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. साध्या दुकानातही सदोष माल पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरून सदोष वस्तू घरी ठेवू नका. पावती न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे, तेव्हा पावती मागायला संकोच नको.

तिसरं, तक्रार. आधी विक्रेत्याला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मराठीत बोलता येतं. तिथेही काम झालं नाही तर बीडचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते.

चौथं, फोनवरच्या ॲपमधून कर्ज घेऊन खरेदी केली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्याला किमान एक दिवसाची फेरविचाराची मुदत द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. फार तर एकदाचं प्रक्रिया शुल्क जातं. ही मुदत कर्जाच्या पत्रकात लिहिलेली असते.

पाचवं, मुदत गेली असेल तर वस्तू माळ्यावर टाकू नका. ज्याला लागते त्याला निम्म्या किमतीत का होईना, विका किंवा द्या. मी माझा मिक्सर नंतर नात्यातल्या एका नव्या संसाराला दिला. आणि एका चुकीची भरपाई म्हणून दुसरी वस्तू घेऊ नका. पस्तावलेलं मन पुन्हा दुकानाकडेच धावतं.

हात आवरतच नसेल तर

काही जणांच्या बाबतीत नियम पुरत नाहीत. वाईट वाटलं की खरेदी, भांडण झालं की खरेदी, खोटं बोलून कर्ज, लपवलेली खोकी, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर हा दोष देण्याचा विषय नाही, मदतीचा आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येतं. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार तज्ज्ञ आहेत. घरच्यांनी टोमणे मारण्यापेक्षा सोबत जावं.

हौसेलाही जागा ठेवा

यातलं काहीही हौस मारण्यासाठी लिहिलेलं नाही. हौस दाबली की ती एक दिवस बांध फोडून वाहते. घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून लेकरापर्यंत, महिन्याला थोडी रक्कम अशी द्या की जिचा हिशेब कुणी मागायचा नाही. ती डब्यात ठेवा. डब्यातून बांगड्या घ्या, यात्रेत पाळण्यात बसा, मांजरसुंब्याला उतरून वाटीभर रबडी खा. डबा रिकामा झाला की पुढच्या महिन्यापर्यंत थांबा. आधीच हौसेसाठी काढून ठेवलेला रुपया खर्चताना मन खात नाही.

आजच करता येईल असं एक काम सांगते. कपाटाच्या दाराला आतून एक कोरा कागद चिकटवा, शेजारी पेन बांधून ठेवा. पुढच्या वेळी थांब्यावर, दुकानात किंवा अंथरुणात फोन हातात असताना काही घ्यावंसं वाटलं, तर आधी त्या कागदावर नाव आणि तारीख लिहायची. माझ्या कपाटावरच्या कागदावर गेल्या वर्षभरात सतरा वस्तू लिहिल्या गेल्या. त्यातल्या चार आम्ही घेतल्या. त्या चारही आज रोज वापरात आहेत.